तीट लावलेले आलू

पुस्तकांत त्याला बटाटा म्हणतात. सासरी तो शब्द मी एकटीच वापरत असे. तोंडातून निघाला की सगळं घर हसायचं, म्हणून सोडून दिला. पैनगंगेकाठच्या आमच्या गावात, मेहकर तालुक्यात, आलू म्हणजे आलू.

माझे वडील खामगावला शाळेत मास्तर होते. त्यांच्याजवळ पुस्तकांची एक पेटी होती आणि मुलगा नव्हता, म्हणून ती पेटी माझ्या वाट्याला आली. वाचणारी पोर कोण करून घेईल ही काळजी आईला लागलेली असे. अखेर ज्यांनी करून घेतली त्यांना मी वाचते हे कुणी सांगितलंच नव्हतं. माळ्याचं घर, नदीकाठचा मळा, बारमाही विहीर, मिरची, कांदे, वांगी आणि आलू. माणसं तोंडाने फटकळ होती, पण वाईट नव्हती. घरात सासरे, माझे यजमान आणि मोठी जाऊ. सासू मी जाण्याआधीच गेलेली. मोठे दीरही गेलेले, तापाने, लग्नानंतर थोड्याच दिवसांत. जाऊबाई मागे राहिल्या होत्या, मूलबाळ नसलेल्या.

आमच्यात पाट लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न करायची, चाल होती. माहेरची माणसं त्यांच्यासाठी स्थळ घेऊन एकदा सोडून दोनदा आली होती. चांगलं स्थळ होतं म्हणे, दुसरबीडकडचं, स्वतःची मोट असलेलं. जाऊबाई गेल्या नाहीत. का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बेणं कोनं पायलं असतं मंग? तू तवा कुठी होती?"

बेणं म्हणजे लावणीसाठी राखून ठेवलेले आलू. माघ-फाल्गुनात पीक निघतं आणि लावणी दसऱ्यानंतर. मधे आमच्याकडचा सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा असतो. वऱ्हाडातल्या वैशाखात माणूस टिकतो हेच नवल, तिथे आलू टिकवायचे. बाकीच्या गावांनी तो नाद सोडला होता. आमच्या गावाने सोडला नव्हता, कारण आमच्या घराच्या उत्तरेला एक कोठी होती. अर्धी जमिनीत, हातभर जाड मातीच्या भिंती, एकच बुटकं दार. खाली नदीची चाळलेली वाळू, तिच्यावर आलूंचा पातळ थर, वर सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. सासूबाईंनी ही विद्या त्यांच्या सासूकडून घेतली होती आणि जाऊबाईंना दिली होती. उन्हाच्या दिवसांत कोठीच्या बाहेरच्या भिंतीवर घागरी रिकाम्या करायच्या, आणि आत एक थेंब नेऊ द्यायचा नाही.

"हात पुसून ये वं."

"पुसले ना बाई."

"पदराले पुसले तू. तुह्या पदराले घाम हाये. फडकं घे कोरडं."

"दिवा आणू का? काही दिसत नाई."

"दिव्याचं काय काम? आत लगीन लागून राह्यलं का?"

त्या अंधारात जाऊबाई गुडघ्यांवर सरकत सरकत पाला बाजूला करायच्या आणि एकेक आलू हातात घेऊन पुन्हा ठेवायच्या. दाबून बघायच्या, नाकाशी न्यायच्या. "डाग मंग दिसते," त्या म्हणायच्या, "वास आधी येते." एखादा आलू बाहेर काढला की त्याच्या खालची मूठभर वाळूही त्या उचलून टाकत. कोठीचा एक नेम होता: बाहेर गेलेलं पुन्हा आत येत नाही. चुकून टोपलीत ओसरीवर आलेला चांगला, टणक आलूसुद्धा मग चुलीकडेच जायचा. मी आपली शंका काढायची, अहो पण हा चांगलाच आहे. तोवर तो चुलीजवळ जाऊन पडलेला असायचा. नेमाला कारण विचारायचं असतं हे त्या घरात मीच पहिल्यांदा आणलं, आणि तिथल्या तिथे गुंडाळून ठेवलं.

आता खरी गोष्ट सांगते, कारण ती नुसत्या आलूंची नाही.

विधवा बाईला गावात किती जागा असते हे मला खामगावातही माहीत होतं. खेड्यात ती जागा आणखी आक्रसते. समोरच्या घरातली शेजारीण काही वाईट बाई नव्हती. अडीअडचणीला धावून यायची, ताक मागायची, ताक द्यायची. पण प्रवासाला निघताना, देवाला निघताना जाऊबाई दारात दिसल्या की ती पुन्हा घरात शिरायची, चूळ भरायची, जरा बसायची आणि मग निघायची. जाऊबाईंनाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं की समोर गाडी जुंपलेली दिसली की त्या आपणच मागच्या दाराला जात. दोघींमध्ये यावरून कधी शब्द झाला नाही. माझं तोंड मात्र कडू व्हायचं.

वर्षातून एकच दिवस याला अपवाद होता. दसरा झाला की जाऊबाई कोठीचा पाला झाडून काढायच्या, डोळे फुटलेलं बेणं वरच्या पायरीवर आणायच्या आणि कोठीच्या दारात बसायच्या. गावातल्या बाया टोपल्या घेऊन येत. पुरुषांचं तिथे काम नसे. टोपलीभर बेणं न्यायचं आणि पीक निघालं की शिगोशीग टोपली परत आणून घालायची, हा व्यवहार. मोजमाप नाही, लिहिणं नाही. जाऊबाईंच्या हातून पहिलं बेणं घेतलं की लावणी साधते, असं धरून चालायचे सगळे. शेजारीण नटूनथटून, हळदकुंकू लावून, सगळ्यांत आधी यायची. त्या दिवशी तिला जाऊबाईंचं तोंड आधी पाहायचं असायचं.

"द्या बाई तुमच्या हातानं. मागल्या साली माह्या वावरात काय जोर होता, पायलं ना?"

"जोर बेण्याचा व्हता का तुह्या खताचा?"

"तुमच्या हाताचा व्हता."

त्या दिवशी जाऊबाईंच्या पाठीचा कणा सरळ व्हायचा. वर्षभर वाकलेला दिसायचा म्हणून मला तो सरळ झालेला कळायचा. त्या एका दिवसासाठी त्या उरलेलं सगळं वर्ष अंधारात आलू हुंगत होत्या. हे मी माझ्या मनाने ठरवलेलं नाही. त्यांनीच एकदा सांगितलं होतं, पाला पसरता पसरता, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. "बेणं हाये तं मी हाये वं या घरात. नाई तं काय, एक भाकर जास्तीची."

त्या काळी वऱ्हाडाचा कारभार मोठा मौजेचा होता. मुलूख कागदावर हैदराबादच्या निजामाचा, राज्य इंग्रजाचं आणि हुकूम यायचा नागपूरहून. मालक एक, राखणदार दुसरा आणि आवाज तिसऱ्याचा. यांतल्या कुणालाही आमच्या आलूंशी कर्तव्य नव्हतं, तोवर सगळं ठीक चाललं होतं. एका फाल्गुनात मेहकरला शेतीचं प्रदर्शन भरायचं ठरलं आणि शेतकी खात्याचा एक बाबू सायकलवरून आमच्या दारात आला. तालुक्यात बेणं टिकवणारं एकच घर आहे असं त्याला कळलं होतं. मोठा साहेब येणार होता. बाबू ओसरीवर बसून चहा प्याला आणि बोलला. माल एकसारखा पाहिजे, स्वच्छ पाहिजे, चकचकीत पाहिजे. चकचकीत हा शब्द त्याने इतक्यांदा उच्चारला की सासऱ्यांनी नकळत डोक्यावरचं पागोटं नीट केलं.

बाबू गेला. सासरे कोठीकडे आले आणि दाराबाहेर उभे राहिले. आत येताना पाय पुसावे लागतात म्हणून ते कधी आत येत नसत.

"मोठी, ऐकलं ना? साहेब येऊन राह्यला."

"ऐकलं मामाजी."

"आपल्या बेण्यातले निवडक आलू काढ. पन असे मातीचे नाई न्याचे साहेबापुढं."

"मातीतले आलू मातीचेच असतीन. मंग काय आंघोळ घालू त्याइले?"

"घाल," सासरे म्हणाले.

त्यांनी ही थट्टा असल्याचं ओळखलं नाही, की ओळखूनही हुकूम केला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. हुकूम देणाऱ्याला थट्टा कळली पाहिजे अशी अट कुठेच नसते. पण गंमत अशी की जाऊबाई दुसऱ्या दिवशी खरंच त्या कामाला लागल्या. आणि रुसून नाही, हौसेने.

त्यांनी नुकत्याच निघालेल्या पिकाच्या थरांतून सगळ्यांत देखणे आलू निवडले. अंगणात परात घेतली, रिठे उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि मला समोर बसवलं. एकेक आलू त्या तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळायच्या, डोळ्यांच्या खाचांतली माती काडीने काढायच्या आणि माझ्याकडे द्यायच्या. मी जुन्या धोतराने टिपायचं. मग त्यांनी तेलाची वाटी आणली.

"हे काय बाई? तेल कशाले?"

"आंघोळ झाल्यावर तेल लावते का नाई लेकराले? कोरडं अंग घिऊन जाईन का लोकाइत?"

"आमच्याकडे तेल आधी, आंघोळ मंग."

"तुमच्याकडे खामगावात सगळं उलटंच," त्या म्हणाल्या आणि एका आलूला दोन्ही तळव्यांत धरून तेल चोळू लागल्या. बाळंतिणीच्या खोलीत म्हातारी बाई जशी लेकराचं डोकं गोल करते, अगदी तशा. मधेच थांबून त्यांनी आलू उन्हात धरला. "नाक चपटं राह्यलं वं याचं. लहानपनी कोनी दाबलं नाई."

मी हसून हसून आडवी झाले. त्याही हसल्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. मी त्यांना तशा हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

शेवटी चुलीमागची काजळी बोटावर घेऊन त्यांनी सगळ्यांत मोठ्या आलूला तीट लावली. मग विचार करून बाकीच्यांनाही, लहान लहान. एकालाच लावली तर बाकीच्यांची नजर कोण काढील? "साहेबाची नजर," त्या म्हणाल्या, "आपल्या लोकाइपक्षा काय कमी असन?"

मेहकरच्या बैलबाजाराच्या मैदानात मांडव घातला होता. केळीचे खांब, आंब्याची तोरणं, पांढऱ्या चादरीने झाकलेली टेबलं, आणि ज्यांना रोज पाहतो तीच माणसं त्या दिवशी कोट घालून आल्यामुळे ओळखू न येणारी. आमच्या टेबलाशेजारी शिंगं रंगवलेला एक वळू बांधला होता. आमच्यासाठी आणलेल्या हारांतला एक त्याने समारंभ सुरू होण्याआधीच खाल्ला. सगळ्या प्रदर्शनात नेमून दिलेलं काम वेळेवर उरकणारा तो एकटाच. साहेब सकाळी येणार होता. तो दुपार कलल्यावर आला. तोवर आलू उन्हात चकाकत होते आणि त्यांची चकाकी कमी होऊ नये म्हणून बाबूचा शिपाई अधूनमधून त्यांच्यावर झारीने पाणी शिंपडत होता. मी आणि जाऊबाई टेबलामागे उभ्या केलेल्या आमच्या गाडीत बसलो होतो. समारंभात जाऊबाईंनी पुढे जाणं शक्य नव्हतं. कुंकवाचं तबक तिथे होतं.

साहेब आला, आमच्या टेबलाशी थांबला, तीट लावलेला मोठा आलू त्याने उचलला आणि त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. हा कुठला रोग, असं. इतपत इंग्रजी मला वडिलांच्या पेटीने शिकवलं होतं. बाबूची पंचाईत झाली. नजर लागणं साहेबाच्या भाषेत सांगायला त्याला जमेना, की लाज वाटली. त्याने सांगितलं, ही शेतकऱ्याची खूण आहे. साहेबाने मान हलवली. मग त्याने विचारलं, उन्हाळाभर हे टिकवता कसे? बाबूने तो लहानसा प्रश्न लांबलचक करून सासऱ्यांना विचारला. सासऱ्यांना कोठीत पाय टाकून किती वर्षं झाली होती देव जाणे. त्यांनी हात जोडले.

"देवाची किरपा," ते म्हणाले.

बाबूने त्याचंही भाषांतर केलं. गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या देवाने पदर तोंडात कोंबला आणि हसण्याने गाडी हलायला लागली.

सासऱ्यांच्या कोटाला साहेबाने आपल्या हाताने बिल्ला लावला. आलूंना हार घातला, त्यांच्यावर कुंकू पडलं. टाळ्या झाल्या. बाबूचं भाषण झालं. त्यात प्रगती हा शब्द होता. मी तो पुष्कळ पुस्तकांत वाचलेला होता, पण त्याला इतका घाम आलेला प्रथमच पाहिला.

घरी आल्यावर हार काढून देवळीत ठेवला आणि प्रश्न उभा राहिला तो त्या टोपलीचा. रीतीप्रमाणे ते आलू चुलीकडे जायला हवे होते. मी विळी घेतलीसुद्धा होती.

"हात लावू नको," सासरे ओरडले. "साहेबानं हार घातलेले आलू हायेत ते. खाऊन टाकता? उद्या गाव काय म्हनन?"

"मग विकायचे का मामाजी?" मी विचारलं.

"मानाचा आलू इकते का कोनी? बेण्यात टाका. पुढल्या साली सगळ्या गावात याचंच बेणं गेलं पायजे."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या आता नेम सांगतील. त्यांनी टोपली उचलली, आलूंवरून कोरडं फडकं फिरवलं. तेल होतं, कुंकू तेलात कालवलं गेलं होतं, खाचांमध्ये शिपायाचं पाणी होतं. तीट पसरून सगळ्यांची तोंडं काळवंडली होती. त्यांनी एकेक आलू नाकाशी नेला. मग त्या कोठीच्या पायऱ्या उतरू लागल्या. मी मागोमाग.

"कडेला ठेवू का बाई? वेगळे?"

"कडेला काऊन?" त्यांच्या आवाजात मला पूर्वी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. थाट म्हणा. "मंधात ठेवतो मी. यायची संगत बाकीच्याइले लागली पायजे."

त्यांनी थराच्या बरोबर मध्यभागी जागा केली, मानाचे आलू तिथे बसवले आणि पाला ओढला, थंडीत पांघरूण ओढतात तसा.

पुढे पुष्कळदा वाटलं की त्या नेम विसरल्या नव्हत्या. देवासाठी आणि सरकारसाठी माणसं नेम मोडतात, त्यात नवल नाही. त्यांनी मोडला तो आणखी वेगळ्या कारणाने. त्या टोपलीवर कुंकू पडलं होतं. त्यांच्या हातच्या कुठल्याही वस्तूवर फार वर्षांनी कुंकू पडलं होतं.

चैत्र गेला. वैशाखातल्या एका दुपारी त्या पाला हलवायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी बाहेर भिंतीवर पाणी मारत होते. हाक मारली. दारात वाकले तर तो वास आला. ज्यांनी सडलेला आलू हुंगला नाही त्यांना तो सांगता येणार नाही, आणि ज्यांनी हुंगला त्यांना सांगायची गरज नाही. आत अंधारात जाऊबाई बसल्या होत्या, आणि त्यांनी हात माझ्याकडे पुढे केला. कोपरापर्यंत ओला.

"पानी आलं का वं कुठून?" त्यांनी विचारलं. अगदी लहान आवाजात. त्यांना माहीत होतं की पाणी कुठूनही आलं नव्हतं.

मधला सगळा भाग चिखल झाला होता. मानाचे कुठले आणि बाकीचे कुठले हे ओळखण्यापलीकडे. कोणता आधी नासला कळायला मार्ग नव्हता; वास सगळ्यांचा एकच होता. आम्ही चांगले वेगळे काढले, नवी वाळू आणली, नवा पाला आणला. ते चांगले दुसऱ्या खेपेला मऊ लागले. पुन्हा वेगळे काढले. रोज हेच. जाऊबाई जेवायच्या तेव्हाही उजवा हात आधी नाकाशी नेत. रिठ्याने, राखेने, लिंबाने घासून तो लाल झाला होता.

सासऱ्यांनी एकच सांगितलं. "कोनाले कळू द्याचं नाई."

म्हणून टोपल्या भर दुपारी जायच्या, जेव्हा उन्हाने गल्लीत कुत्रंसुद्धा नसायचं. मागच्या दाराने उकिरड्यावर, वरून शेण. पण माशांना कुणी ताकीद दिलेली नव्हती. चारआठ दिवसांत समोरची शेजारीण ताक मागायच्या निमित्ताने आली, अंगणात उभी राहिली, तिने नाक फेंदारलं आणि ताक न मागताच गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं, आणि गावाने सासऱ्यांचा मान राखला. कुणी काही विचारलं नाही. सासरे लग्नाकार्याला बिल्ला लावून जात होते आणि लोक त्यांना पुढे बसवत होते.

आषाढ लागण्याआधी कोठी रिकामी झाली. जाऊबाईंनी शेवटची वाळू टोपल्यांनी उपसून काढली. मी मदतीला गेले तेव्हा त्या खाली बसून दोन्ही हात वाळूत खुपसून काहीतरी चाचपत होत्या. मी म्हटलं, बाई, नासतात कधी कधी, वर्षच वाईट होतं. खोटं बोलायला मला जमत नव्हतं आणि खरं बोलण्यात अर्थ नव्हता.

"मीच ठेवले वं मंधात," त्या म्हणाल्या. "कडेला ठेव म्हने तू. मी मंधात ठेवले."



सासऱ्यांनी त्यावर तोड काढली आणि ती इतकी सोपी निघाली की मला अजून तिचा राग येतो. बाबूला निरोप गेला. दसऱ्याच्या सुमाराला खामगावला गेलेल्या आमच्या गाड्या परत आल्या त्या बेण्याची पोती घेऊन. रेल्वेने आलेलं, कुठल्या लांबच्या मुलखातलं, तोंड शिवलेल्या पोत्यातलं बेणं. कोठी नको, वाळू नको, पाला नको, हुंगणं नको. पोती ओसरीवर उतरली, सासरे बिल्ला लावून पोत्यांशेजारी बसले आणि गावातले पुरुष येऊन बेणं घेऊन गेले. बायांचं तिथे काम नव्हतं.

त्याच सकाळी जाऊबाईंनी कोठीचं दार उघडलं, आत झाडून घेतलं, पायऱ्या सारवल्या आणि दरवर्षीच्या जागी जाऊन बसल्या. का, ते मी विचारलं नाही. घरामागे बसलेल्या त्यांच्यापर्यंत ओसरीवरच्या बोलण्याचा आवाज येत होता. कुणीतरी हसत होतं, कुणीतरी पोतं ओढत होतं. मी कामं काढून दोनतीन फेऱ्या मारल्या. त्या तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर, कोरडे.

उन्हं चढल्यावर समोरची शेजारीण, ओसरीपुढे पुरुषांची गर्दी म्हणून, मागच्या गल्लीने निघाली. लेकीला आणायला जायचं होतं तिला, डोक्यावर पदर, हातात गाठोडं. वळणावर येताच समोर जाऊबाई दिसल्या. ती थबकली. क्षणभर मला वाटलं, ती येईल. आज तोच दिवस आहे. तिने पदर पुढे ओढला, वळली आणि आपल्या घरी परतली. मी घराच्या बाजूने पुढे आले, तेव्हा तिच्या अंगणातून चूळ भरल्याचा आवाज आला. जरा वेळाने ती दुसऱ्या रस्त्याने निघून गेली.

जाऊबाई उठल्या आणि त्यांनी कोठीचं दार ओढून घेतलं.

त्या वर्षी पीक चांगलं आलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आलं. पानं रुंद, आलू मोठे, साल पातळ. जुन्या आलूची चव याला नाही असं म्हातारी माणसं म्हणायची. मी पुष्कळ चाखून पाहिलं. मला फरक कळला नाही. तो कळला असता तर निदान कुणाचं तरी नुकसान झालं असं म्हणता आलं असतं. तसं काहीच झालं नाही. गावाचं काही अडलं नाही.

मार्गशीर्षात त्यांचा भाऊ गाडी घेऊन आला. कुणी बोलावलं होतं, की त्यांनीच निरोप धाडला होता, माहीत नाही. सासरे ओसरीवर म्हणाले, "ऱ्हा ना मोठी, तुले कोनी जा म्हनते का?" कुणी म्हणत नव्हतं, हे खरंच होतं. आता पाट लावायचं वय उरलं नव्हतं; माहेरी त्या जात होत्या त्या भावजयीच्या हाताखाली. निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "मी जातो वं." येतो म्हणायची रीत आहे. त्यांनी जातो म्हटलं.

कोठीत पुढे आम्ही सरकी भरायला लागलो.

काही वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. आमच्या मळ्यातले नवे आलू पिशवीभर नेले होते. दुसरं काय न्यावं सुचलं नाही. भावाच्या अंगणात त्या कांद्याची पात निवडत बसल्या होत्या, हात खाली, मान खाली, पाठीला बाक. मला पाहून हसल्या, घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. सासऱ्यांची केली, बिल्ल्याचीसुद्धा.

"कोठीत काय असते वं आता?"

"सरकी भरतो बाई."

"वल तं नाई लागत?"

"नाई."

"लागू देऊ नको," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीकडे पाहिलं. पदराकडे गेलेला हात थांबला. त्यांनी दोरीवरचं कोरडं फडकं ओढलं, दोन्ही हात नीट पुसले आणि एक आलू बाहेर काढला. अंगठ्याने दाबला. नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"चांगला हाये," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात भावजय आली, तिने पिशवी उचलली आणि सगळे आलू रात्रीच्या भाजीसाठी पाण्याच्या घंगाळात ओतले. जाऊबाईंचा हात एकदम पुढे गेला. हे बेणं नव्हे, भाजीचे आलू, हे मग त्यांच्या लक्षात आलं असावं. हात परत मांडीवर आला. घंगाळातलं पाणी हळूहळू गढूळ होत होतं आणि त्या ते बघत राहिल्या.